कसम परेडच्या पलीकडे

सैनिकी प्रशिक्षणावरचा माहितीपट बहुधा एकाच जागी येऊन थांबतो. परेड ग्राउंडवर रंगरुटांच्या रांगा, बँड, तिरंग्यासमोर घेतलेली कसम आणि मग गर्दीतून वाट काढत मुलापाशी पोचलेले आईवडील. पाहणाऱ्याचा गळा दाटून येतो, आणि त्यात खोटं काही नसतं. पण पडद्यावर नावं सरकू लागतात, त्या दिवशी मुलाची खरी नोकरी सुरू झालेली असते. पुढची पंधरा-वीस वर्षं तो कुठे राहतो, काय करतो, कशाची वाट पाहतो, हे जनतेला पाहायला मिळतच नाही. दूरचित्रवाणीचे माहितीपट फौजी जिणं आपल्यापुढे कसं मांडतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आणि या गाळलेल्या वर्षांपासूनच त्याची सुरुवात करायला हवी.

प्रशिक्षण दूरचित्रवाणीला इतकं का आवडतं? कोर्स ठरलेल्या आठवड्यांचा असतो, त्यामुळे चित्रीकरणाचा खर्च आधीच मांडता येतो. सुरुवातीला बावरलेली मुलं, मध्ये परीक्षा, शेवटी बॅज: गोष्ट आयतीच हाती येते. कोण टिकणार आणि कोण सामान बांधून घरी जाणार, या एका प्रश्नावर प्रेक्षकाला पुढच्या भागापर्यंत धरून ठेवता येतं. सेनादलांचीही याला हरकत नसते, कारण प्रशिक्षण केंद्रात गुप्त नकाशे नाहीत, समोर शत्रू नाही, वादात सापडेल असा आदेश नाही. दोघांच्या सोयीची अशी एक जागा सापडली की कॅमेरा पुन्हा पुन्हा तिथेच जातो.

भारतात हे ठळकपणे दिसलं. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने २०१२ मध्ये ‘मिशन आर्मी’ ही मालिका केली. साध्या नागरिकांमधून निवडलेल्यांना तिने लष्करी प्रशिक्षणातून नेलं. पुढे ‘डिस्कव्हरी’च्या ‘ब्रेकिंग पॉइंट’ने बेळगावचं कमांडो स्कूल दाखवलं, मग पाणबुडीवरच्या नौसैनिकांचं प्रशिक्षण दाखवलं. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत अधिकारी होण्यासाठी घाम गाळणाऱ्या मुलीही पडद्यावर आल्या. बेळगाव तर मराठी माणसाच्या घरातलंच नाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथे आहे, आणि सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांतला पहिला फौजी तिथल्याच मैदानावर कदम मिळवायला शिकला. त्या गावात पाठीवर पिट्ठू बांधून, हातात रायफल घेऊन चाळीस किलोमीटर धावणारे जवान पाहताना अभिमान वाटतो, आणि तो वाटायलाच हवा. पायांना आलेले फोड खरे असतात, उस्तादांचा दराराही खरा असतो. खटकतं ते वेगळंच. ढोल आणि निवेदक यांचा आवाज इतका चढवलेला असतो की दम लागलेल्या जवानाचा श्वास ऐकू येत नाही. जे समोर दिसतंय ते खडतर आहे, हे प्रेक्षकाला दर दोन मिनिटांनी सांगावं का लागतं?

प्रशिक्षणावरचीच मालिका किती वेगळी होऊ शकते, हे बीबीसीच्या ‘द पॅराज’ने दाखवलं. ब्रिटनच्या पॅराशूट रेजिमेंटमधल्या ४८० प्लटूनच्या रंगरुटांचं १९८२ मधलं प्रशिक्षण तिने चित्रित केलं आणि १९८३ मध्ये ते घराघरांत पोचलं. या रेजिमेंटच्या निवडीत ‘मिलिंग’ नावाचा एक प्रकार असतो. साधारण सारख्या वजनाची दोन मुलं हातमोजे घालून समोरासमोर उभी राहतात. वेळ एक मिनिट. डोक्यावर, चेहऱ्यावर ठोसे मारत राहायचं. चुकवायचं नाही, अडवायचं नाही. कोण जिंकलं याला महत्त्व नसतं. मार बसत असतानाही पाऊल पुढे पडतं का, एवढंच पाहिलं जातं. असं एक मिनिट मध्ये न कापता पाहिलं की सैन्य माणसाकडून नेमकं काय मागतं, हे दहा मिनिटांच्या निवेदनापेक्षा अधिक कळतं. मालिकेचं खरं मोल मात्र गळालेल्या मुलांमध्ये आहे. आपल्याला हे जमणार नाही, असं ओळखून परत जाणारा तरुण तिथे हास्यास्पद ठरत नाही. त्यातच प्रशिक्षण चालू असताना, एप्रिल १९८२ मध्ये फॉकलंडचं युद्ध पेटलं आणि याच रेजिमेंटच्या दोन बटालियन दक्षिण अटलांटिककडे रवाना झाल्या. ज्या बटालियनमध्ये आपल्याला जायचंय, तिथली माणसं प्रत्यक्ष लढतायत, मरतायत, हे माहीत असलेली मुलं मैदानावर धावत होती. तिथे निवेदकाला आवाज चढवायची गरजच नव्हती.

त्याहून मोठं काम बीबीसीने आधीच करून ठेवलं होतं. १९७६ ची ‘सेलर’ ही दहा भागांची मालिका ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू जहाजावर चित्रित झाली होती. रॉड स्टुअर्टचं ‘सेलिंग’ हे गाणं तिच्या शीर्षकाला वापरलं आणि ते पुन्हा ब्रिटनभर गाजलं. पण गाण्याच्या आड दिसत होतं ते एक तरंगतं गाव. अडीच हजारांच्या आसपास माणसं, त्यांचं जेवण, धुणं, भांडणं, घरची पत्रं, पाद्र्यापाशी मन मोकळं करायला आलेली पोरं आणि शिस्तीचा कारभार पाहणारा मास्टर-ॲट-आर्म्स. जहाज सुटण्याआधीच्या रात्री बंदरावर जाऊन भरपूर पिऊन आलेले नौसैनिकही पहिल्याच भागात होते. नौदलाची लाज जाईल, अशी भीती अनेकांना वाटली असणार. झालं उलटंच: लोकांना ही माणसं आपली वाटली. मालिकेला ‘बाफ्टा’ हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, आणि ते जहाज भंगारात गेल्यावरही अनेक वर्षं ब्रिटिश घरांत त्याचं नाव निघत राहिलं.

‘सेलर’मध्ये लढाई नाही. विमानं उडतात, उतरतात. बाकी वेळ कोणीतरी काहीतरी घासत, दुरुस्त करत, मोजत किंवा वाट पाहत असतं. सैनिकी जीवनाचा फार मोठा भाग असाच असतो. आपल्याकडच्या कुठल्याही निवृत्त हवालदाराला विचारा. तो गोळीबाराच्या एका प्रसंगाच्या आधी लंगरच्या जेवणाबद्दल बोलेल, नामंजूर झालेल्या छुट्टीबद्दल बोलेल, फील्ड पोस्टिंगमध्ये कुटुंब गावी ठेवावं लागलं त्याबद्दल बोलेल. बडा खान्याच्या रात्री साहेब आणि जवान एका पंगतीत कसे बसले, हे सांगताना त्याचा चेहरा खुलेल. आपल्या माहितीपटांत लंगरचा स्वयंपाकी, एमटीचा म्हणजे वाहन विभागाचा ड्रायव्हर, सिग्नलचा ऑपरेटर, युनिटचा न्हावी अभावानेच दिसतात. यांच्याशिवाय एकही बटालियन चार दिवस उभी राहू शकत नाही.

सियाचीनवरचे माहितीपट याला बऱ्यापैकी अपवाद आहेत, कारण तिथे विषयच निर्मात्याला खाली बसवतो. १९८४ पासून त्या हिमनदीवर शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमस्खलनाने आणि विरळ हवेने अधिक जवान गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या तुकडीतले दहा जवान त्याखाली गाडले गेले. अशा जागी कॅमेऱ्याला शौर्य शोधायला लांब जावं लागत नाही. केरोसीनचा जेरीकॅन वर पोचवणं, बुखारी म्हणजे शेगडी विझू न देणं, बर्फ वितळवून प्यायचं पाणी करणं, हातमोजा क्षणभर काढला तर बोटं जातील याचं सतत भान ठेवणं, हीच तिथली लढाई. काजळीने काळवंडलेल्या झोपडीत पाच-सहा जण बुखारीभोवती बसलेले दिसतात तेव्हा प्रेक्षकाला फौज कळू लागते.

सैनिकाचं रोजचं जिणं असंच जवळून दाखवणारा, अफगाणिस्तानातल्या युद्धावरचा ‘रेस्त्रेपो’ हा माहितीपट २०१० मध्ये आला आणि नंतर दूरचित्रवाणीवरही दाखवला गेला. सबॅस्टियन युंगर आणि टिम हेदरिंग्टन या दोघांनी कोरेंगल खोऱ्यात एका अमेरिकी प्लटूनबरोबर २००७-०८ मध्ये दीर्घकाळ काढला होता. मारल्या गेलेल्या एका वैद्यकीय सहायकाचं नाव त्या चौकीला दिलं होतं, तेच या माहितीपटाचं शीर्षक झालं. यात निवेदक नाही. जनरल नाहीत, मंत्री नाहीत. आहेत ते प्लटूनचे सैनिक, आणि त्या वर्षानंतर इटलीतल्या तळावर घेतलेल्या त्यांच्या मुलाखती.

त्यात एक प्रसंग गाईचा आहे. चौकीच्या काटेरी तारेत गावातली एक गाय अडकते. सैनिक ती मारतात आणि खातात. मग गावची वडीलधारी मंडळी डोंगर चढून चौकीवर येतात आणि गाईचे पैसे मागतात. त्यांच्या दृष्टीने तो एका घराच्या वर्षभराच्या जगण्याचा प्रश्न आहे. रोख रक्कम देता येणार नाही, गाईच्या वजनाइतकं धान्य देऊ, असं उत्तर मिळतं. म्हातारे ते ऐकून घेतात आणि माघारी फिरतात. गोळी झाडली जात नाही, आवाजही चढत नाही. पण ते खोरं अमेरिकी सैन्याच्या हाती का लागलं नाही, हे त्या पाच मिनिटांत दिसतं. शेतकऱ्याच्या दारात जनावराची किंमत काय असते, हे ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाला तर ते अधिकच लागतं. हेदरिंग्टन एप्रिल २०११ मध्ये लिबियातल्या मिसराता शहरात चित्रण करताना मारला गेला.

आता दुसरा प्रश्न: छावणीचं फाटक कोण उघडतं, आणि कोणत्या अटीवर? १९७१ च्या २३ फेब्रुवारीला अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने ‘द सेलिंग ऑफ द पेंटॅगॉन’ दाखवला. निर्माता पीटर डेव्हिस, निवेदक रॉजर मड. लोकांच्या करातून आलेल्या पैशाने लष्कर स्वतःची प्रसिद्धी कशी करतं, हाच त्याचा विषय होता: शस्त्रांची जाहीर प्रदर्शनं, गावोगाव व्याख्यानं देत फिरणारे कर्नल, शाळा-संस्थांना पुरवलेले प्रचारपट. व्हिएतनामचं युद्ध चालू असताना हे दाखवायला धैर्य लागत होतं. पण त्यात एक गंभीर दोषही होता. एका कर्नलच्या भाषणातली वेगवेगळ्या ठिकाणची वाक्यं सलग असल्यासारखी जोडली होती, आणि संरक्षण खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मुलाखतीतली उत्तरंही इकडची तिकडे झाली होती. प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने न वापरलेलं चित्रण मागितलं. सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी साफ नकार दिला. त्यांच्यावर अवमानाची कारवाई करण्याचा प्रस्ताव सभागृहात आला, तेव्हा जुलै १९७१ मध्ये २२६ विरुद्ध १८१ मतांनी तो समितीकडे परत गेला. वृत्तस्वातंत्र्य वाचलं. तरी ती जोडलेली वाक्यं वाहिनीने मुळात जोडायलाच नको होती. विषय इतका रास्त असताना विरोधकांच्या हातात एवढी मोठी काठी देण्याचं कारण नव्हतं.

आपल्याकडे हा प्रश्न ब्रिटिश काळापासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने युद्धप्रचारासाठी फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड नेमलं, आणि काही काळ त्याचे मुख्य निर्माते खुद्द व्ही. शांताराम होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन आलं आणि जवानाची प्रतिमा सरकारी माहितीपटांतून चित्रपटगृहांत पोचू लागली. त्या काळाच्या गरजा वेगळ्या होत्या, साधनंही तुटपुंजी होती. पण सवय पडली ती राहिलीच: सैन्यावरचा माहितीपट म्हणजे सैन्याचं कौतुक. जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून सैन्यावरचे चित्रपट, माहितीपट आणि वेब मालिका दाखवण्याआधी मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगावं, असं कळवलं. जवानांची बदनामी होऊ नये, ही त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. रडारची जागा, गस्तीची वेळ, चौकीतलं मनुष्यबळ कोणीही दाखवू नये. पण छुट्टी न मिळाल्याने बहिणीच्या लग्नाला न गेलेला जवान हे काही राष्ट्राचं गुपित नाही. त्याच्याबद्दल न बोलल्याने त्याचा मान वाढत नाही. त्याच्या त्यागातला सगळ्यात मोठा हिस्सा मात्र लोकांच्या नजरेआड राहतो.

महाराष्ट्रात हे नजरेआडचं जिणं दाखवण्याची निकड अधिक आहे. पहाटे कोल्हापूर, सांगली, सातारा, बुलढाण्याच्या रस्त्यांवर सोळाशे मीटरची वेळ लावत धावणारी मुलं हेच माहितीपट मोबाइलवर पाहून निर्णय घेतात. भरतीच्या अकॅडमीत पुल-अप्स आणि नऊ फुटांची खाई शिकवली जाते. पुढचं जिणं कोणी शिकवत नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने तर नोकरीचा आकारच बदलला आहे. चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना कायम करणं. या योजनेतून भरती झालेल्या नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्का या प्रशिक्षण तळावरून बाहेर पडली, तेव्हा त्या संचलनाची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. त्यांच्यातले जे पंचविशीच्या आत गावी परततील, त्यांच्याबरोबर सहा महिने राहणारा कॅमेरा हवा. चार वर्षांनंतर मिळणाऱ्या सेवानिधीतून कोणी ट्रॅक्टर घेतला, कोण पोलीस भरतीच्या रांगेत उभा राहिला, कोणाला खासगी कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाची नोकरी मिळाली, कोणाचं लग्न ठरलं आणि कोणाचं मोडलं, हे सगळं त्यात यायला हवं.

अशा मालिकेला हेलिकॉप्टर लागत नाही, कमांडो स्कूलची परवानगी लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर कागद घेऊन बसलेली वीरपत्नी, पेन्शनच्या फेऱ्या मारणारा सुभेदार, आपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तीन-तीन पिढ्यांचे गणवेशातले फोटो एका भिंतीवर लावलेलं घर: ही माणसं भेटायला आणि बोलायला तयार आहेत. मराठीत या विषयाची जाण असलेले पत्रकार आहेत, चित्रपट संस्थांतून शिकून बाहेर पडलेली मुलं आहेत, आणि कॅमेराही आता कोणाच्या आवाक्याबाहेर नाही. मराठी वाहिन्यांनी आठवड्यातला एक तास द्यायचं ठरवलं, तर पहिल्या भागाचं चित्रीकरण साताऱ्यात उद्यासुद्धा सुरू करता येईल.