शेक चालू असता घरची शुश्रूषा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाविषयी बोलावे, हे काहींना खटकेल. पण गुटख्याला राज्यात २०१२ साली बंदी झाली, तरी तंबाखू आणि मशेरी आपल्या घरांतून गेलेली नाही. तेव्हा हा विषय आपल्या ओटीवरचाच आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. त्याच संस्थेचे केंद्र आज खारघरला आहे. आणि २०२४ साली न्हावा शेवा-शिवडी सागरी सेतू खुला झाल्यापासून परळही दूर राहिलेले नाही. यंत्र जवळ आले; परंतु रोग्याला तेथे रोज नेण्याचे बळ घरानेच द्यावयाचे असते.

किरणोपचार, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो, ते बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येते, लाळ चिकट होते, चव जाते, घोटभर पाणीही टोचते. माझे धाकटे दीर तेव्हा म्हणाले, "वहिनी, आता पुरे. रोगापेक्षा औषध भारी झाले." मी म्हटले, "भावोजी, पुरे की नाही ते डॉक्टर सांगतील. आज मात्र गाडीत बसा." त्यांनी सगळे शेक पुरे केले. मध्येच खंड पडला तर उरलेल्या रोगाला वाढायला सवड मिळते आणि उपचाराचा गुण कमी होतो. म्हणून आपले सारे काम एवढेच, की खंड पडू द्यायचा नाही.

शेक सुरू होण्यापूर्वीच दात तपासून घ्यावेत. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ व तेवढाच खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी गुळण्या कराव्यात. ब्रश मऊ असावा. मशेरी, तंबाखू, दारू पूर्ण बंद. जेवण तिखट व गरम नको. मऊ भात, पेज, नाचणीचे सत्त्व, दूध, अंडे, काटे काढून कुस्करलेली बिनतिखटाची मासळी थोडी थोडी, पण वारंवार द्यावी. वजन दर आठवड्याला पाहावे. नाकातून नळी घातली तर घाबरू नये. ती पोषणासाठी असते. नळीतून देताना रोग्याला बसते करावे.

मानेच्या कातडीला हळद, तेल, बाम, वस्तरा लावू नये. सुती सैल सदरा घालावा. जबडा उघडण्याचा व्यायाम शिकवतील तो रोज करून घ्यावा. ताप आला, रक्त आले, धाप लागली किंवा पाणीही उतरेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शेक संपल्यावरही काही आठवडे त्रास राहतो. तेव्हा काळजी सैल करू नये.

आणखी एक. बाहेरून यंत्राने दिलेल्या शेकाने रोग्याच्या अंगात किरण राहत नाहीत. नातवंडांना त्याच्या मांडीवर खुशाल बसू द्या.

भगिनींनो, ज्या घरी असा रोगी असेल, तेथे आपण पाळी लावू या. एकीने सोबत जावे, एकीने मुले सांभाळावीत, एकीने पेज पोचवावी. सहा-सात आठवडे एकट्या बाईला जड आहेत. आपल्या मंडळाला नाहीत.