उभारी कोठून येते?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मुलांच्या मनाविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. मी मानसशास्त्राचा पंडित नाही. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. जे काही बोलणार आहे ते थोडे वाचनातून आणि बरेचसे माझ्या स्वतःच्या एका चुकीतून शिकलेले आहे. ती चूक प्रथम सांगतो, म्हणजे पुढचे सर्व आपोआप उलगडेल.

आपल्या सर्वांना मार्च २०२० आठवत असेल. लोकलगाड्या बंद झाल्या आणि आपल्या मीरा-भाईंदरची नाडीच थांबली. कारण येथील बहुतेकांची रोजीरोटी गाडीत बसून मुंबईला जाण्यावर अवलंबून आहे. शाळांना कुलपे लागली. दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर तर रद्दच झाला. त्यानंतरच्या वर्षी माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे अब्बा मुंबईत शिवणकामाच्या कारखान्यात कामाला होते, ते काम सुटले. घरात एकच मोबाईल आणि शिकणारी भावंडे तीन. मुलगा तासाला दिसेनासा झाला. मी फोन केला, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, आता काही होणार नाही.’ मी त्याला म्हणालो, ‘बेटा, सब्र कर. अल्लाह सर्व ठीक करील.’ एवढे बोलून मी फोन ठेवला. आपण एका दुःखी मुलाला धीर दिला, या समाधानात मी होतो.

तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

माझे शब्द खोटे नव्हते. परंतु ते मी त्याच्या हाती दिले आणि मी स्वतः बाजूला झालो. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. मुलाच्या अंगी संकटातून पुन्हा उभे राहण्याची जी ताकद असते, जिला आपण उभारी म्हणतो, ती येते कोठून?

गेल्या पन्नास-साठ वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा कसून अभ्यास केला आहे. अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोन संशोधकांनी १९६७ च्या सुमारास कुत्र्यांवर काही प्रयोग केले. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले, की त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. पुढे त्याच कुत्र्यांना अशा खोक्यात ठेवले, जेथे एक ठेंगणा अडसर ओलांडला की झटक्यातून सुटका होत होती. तरीही त्यांतील पुष्कळसे कुत्रे जागचे हलले नाहीत. ते पडून राहिले आणि कण्हत राहिले. सेलिग्मन यांनी त्याला शिकलेली असहायता असे नाव दिले. ‘सर, आता काही होणार नाही’ हे माझ्या विद्यार्थ्याचे वाक्य त्याच जातीचे होते.

परंतु या कथेचा पुढचा भाग आपल्या अधिक उपयोगाचा आहे. त्या कुत्र्यांना पुन्हा शिकवायचे कसे? पलीकडून अन्न दाखवून ते येईनात. शेवटी त्यांना गळ्यातल्या दोरीने धरून, ओढून, अनेकदा अडसरापलीकडे न्यावे लागले, तेव्हा ते स्वतःहून उडी मारू लागले. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, याच दोघा संशोधकांनी आपल्या जुन्या सिद्धांतात दुरुस्ती केली. मेंदूच्या अभ्यासावरून त्यांनी सांगितले, की दीर्घकाळ त्रास होत राहिला की हतबल होणे हीच प्राण्याची मूळ प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते हे, की आपल्या हालचालीने काहीतरी बदलते. म्हणजे हताश झालेला मुलगा वाईट नसतो, आळशीही नसतो. आपल्या प्रयत्नाला फळ येते हा अनुभव त्याला अजून कोणी दिलेला नसतो.

हेच सेलिग्मन १९९८ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. केवळ मनाच्या रोगांचा अभ्यास पुरे नव्हे, मनाच्या बळाचाही अभ्यास झाला पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातून जी शाखा वाढली तिला सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. आशावाद म्हणजे नेहमी हसत राहणे, असे या शाखेचे म्हणणे नाही. अपयशाचा अर्थ माणूस स्वतःला कसा समजावून सांगतो, यावर सेलिग्मन यांचा भर आहे. निराश माणूस म्हणतो, ‘हे नेहमीचेच आहे, सगळीकडे असेच होते, दोष माझ्यातच आहे.’ आशावादी माणूस म्हणतो, ‘या वेळी, या एका बाबतीत, या कारणाने असे झाले.’

पालकहो, मुलांना ही भाषा आपणच शिकवतो. मुलगा गणितात नापास झाला की आपण म्हणतो, ‘तू ढ आहेस, तुझ्याच्याने काही व्हायचे नाही.’ या एका वाक्यात तिन्ही दोष आले. त्याऐवजी म्हणा, ‘तुझे बीजगणित कच्चे राहिले आहे. आपण रोज अर्धा तास बसू.’ येथे खोटी स्तुती नाही. नापासाला नापासच म्हटले आहे, पण पुढची वाटही दाखवली आहे.

आता दुसरा अभ्यास पाहा. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा माग एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके ठेवला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातील भांडणे, व्यसने आणि आजार आले होते. परंतु या एक तृतीयांशातीलही साधारण तिसरा हिस्सा मुले पुढे कर्तबगार आणि मायाळू माणसे झाली. त्यांच्यात असे काय होते? संशोधकांना पुनःपुन्हा एक गोष्ट आढळली. त्या मुलांच्या आयुष्यात त्यांना मनापासून आपले मानणारे निदान एक वडीलधारे माणूस होते. कोणाची आजी, कोणाचे मामा, कोणाचे शिक्षक. पुष्कळांना श्रद्धेचा आणि प्रार्थनामंडळीचाही आधार होता.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. जालना जिल्ह्यातील एका खेड्यातले अन्सार शेख हे रिक्षाचालकाचे चिरंजीव. मे २०१६ मध्ये निकाल लागला तेव्हा वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात, ३६१ वा क्रमांक मिळवून ते केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे आय.ए.एस. अधिकारी झाले. पुण्यात शिकताना आपल्या नावावर खोली मिळेना, म्हणून एका मित्राचे नाव सांगून राहावे लागले, हेही त्यांनी पुढे सांगितले. आपण त्यांच्या जिद्दीचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या कथेतील आणखी दोन माणसे आपण विसरतो. लहानपणी त्यांची शाळा सोडवण्याचे घरात घाटत होते, तेव्हा मुलगा हुशार आहे, त्याला काढू नका, असे वडिलांना समजावणारे शिक्षक होते. आणि स्वतः शाळा सोडून, गॅरेजमध्ये काम करून घराला हातभार लावणारा धाकटा भाऊ होता. एकट्याची वाटणारी उभारी तिघांची होती. आणि विद्यार्थी मित्रांनो, त्या धाकट्या भावाचे शिक्षण सुटले हे दुःखही त्याच कथेत आहे. कौतुकाच्या भरात ते नजरेआड होऊ नये.

येथे कोणी विचारील, की सर, ज्याचे सर्वस्वच गेले त्याला आशा कोठली? व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल यांना १९४२ साली नाझींनी छळछावणीत पाठवले. त्यांचे आई-वडील, भाऊ आणि पत्नी या छावण्यांत मरण पावले. १९४५ साली सुटका झाल्यावर त्यांनी आपल्या अनुभवाचे पुस्तक लिहिले, ते १९४६ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या विचाराचे सार असे, की कोणासाठी किंवा कशासाठी तरी जगायचे आहे ही जाणीव माणसाला पुष्कळ सोसण्याचे बळ देते. दुःख मागून घ्यावे असे त्यांनी म्हटलेले नाही. टाळता येणारे दुःख टाळलेच पाहिजे. परंतु जे टळत नाही, त्यात जगण्याचा अर्थ शोधता येतो.

आपल्याला हा अर्थ श्रद्धेतून मिळतो. म्हणूनच सब्र या शब्दाचा आपण नीट विचार केला पाहिजे. कुरआन शरीफमधील सूरह यूसुफ आपणा सर्वांना परिचित आहे. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचा लाडका पुत्र हरवला, तेव्हा त्यांनी सुंदर सब्राचा मार्ग धरला. पण त्यांनी दुःख लपवले का? नाही. शोकाने त्यांचे डोळे पांढरे झाले. आणि ते स्वस्थ बसले का? तेही नाही. जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका, असे त्यांनी मुलांना सांगितले. म्हणजे अश्रू, आशा आणि शोध ही तिन्ही सब्रातच सामावलेली आहेत. मी माझ्या विद्यार्थ्याला सब्र सांगितला, पण त्यातला शोध सांगायचा राहून गेला.

आपल्याच शहरातील उत्तनला पावसाळ्यात जाऊन पाहा. समुद्र खवळलेला असतो, मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. कोळी बांधव त्या दिवसांत जाळी दुरुस्त करतात, होड्यांची डागडुजी करतात. समुद्र शांत करणे त्यांच्या हाती नाही, पण जाळे विणणे त्यांच्या हाती आहे.

श्रद्धेचा उपयोगही सावधपणे केला पाहिजे. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने धर्म आणि संकट यांचा आयुष्यभर अभ्यास केला. ईश्वर माझ्या पाठीशी आहे, असे मानणाऱ्याला संकटात बळ मिळते. तो मला शिक्षा करतो आहे, त्याने मला टाकले आहे, असे मनात घेणारा अधिक खचतो. म्हणून नापास झालेल्या किंवा आजारी पडलेल्या मुलाला ‘ही तुझ्या गुन्ह्यांची सजा आहे’ असे कृपा करून म्हणू नका. तसेच मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर केवळ उपदेशावर थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. दुआ आणि दवा यांचे आपल्याकडे कधीच वैर नव्हते.

आता त्या मुलाकडे परत येतो. जुलै २०२३ मध्ये मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात तो मला भेटला. त्यानेच मला ओळखले. मी विचारले, ‘शिकायचे नाही का रे?’ तो खाली मान घालून म्हणाला, ‘सर, तुम्ही सब्र कर म्हणालात. सब्रच करतो आहे.’ त्या दिवशी मला माझी लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. बाहेरून दहावीला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. दुकानाच्या मालकांना भेटलो. त्यांनी संध्याकाळचे दोन तास मोकळे दिले. फॉर्म आम्ही दोघांनी बसून भरला. मार्च २०२४ मध्ये तो गणितात नापास झाला. या वेळी मी फोन ठेवला नाही. जुलैच्या पुरवणी परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. गुण फार नाहीत. पण ‘काही होणार नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी आता येत नाही.

बंधू-भगिनींनो, १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक कुटुंबे घर सोडून आपल्या नयानगरात आली. येथे बसलेल्या कित्येक आजी-आजोबांनी ते दिवस पाहिले आहेत. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लोकलगाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले, त्यांतील एक मीरा रोड-भाईंदरच्या पट्ट्यात झाला. दुसऱ्या दिवशी गाड्या धावू लागल्या आणि सर्वांनी मुंबईच्या जिगरीचे गोडवे गायले. पण कामावर जाणाऱ्यांपैकी पुष्कळांना दुसरा इलाजच नव्हता. मला त्या दिवसाची आठवण वेगळ्या कारणाने मोलाची वाटते. रुळांशेजारच्या वस्त्यांतील लोकांनी नाव-धर्म न विचारता घरातल्या चादरी आणल्या आणि त्यांत घालून जखमींना उचलले. चादरीत माणूस उचलायचा तर तिची चारही टोके कोणीतरी धरावी लागतात.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. पालकहो, वर्षभरात आपल्या मुलाखेरीज आणखी एका मुलाचे टोक धरा. शेजारचे असेल, भाडेकरूचे असेल, दुकानात कामाला असलेले असेल. त्याला उपदेश कमी करा आणि त्याच्याबरोबर बसून एक फॉर्म भरा, एक धडा वाचा. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही खचलात तर गप्प राहू नका, एका तरी विश्वासाच्या माणसाला सांगा. आणि वर्गातील एखादा बाक रिकामा दिसला, तर त्या मित्राच्या घरी जा.

सूरह इन्शिराहमध्ये कष्टाबरोबर सुलभता असल्याचा दिलासा एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा दिला आहे. ती सुलभता पुष्कळदा एखाद्या माणसाच्या हातून येते. तो हात आपला असावा, एवढी तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो.