नाथसागराची वही



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पर्यावरणाची अभ्यासक नव्हे. तरीही आज नाथसागराविषयी बोलणार आहे, कारण आपण सगळे त्याचेच पाणी पिऊन मोठे झालो.

पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली झाले, ते मुख्यतः शेतीच्या पाण्यासाठी. पण जलाशय पसरट आणि उथळ. पावसाळ्यानंतर पाणी उतरू लागले, की काठचा गाळ उघडा पडतो. तिथे शेतकरी गाळपेर करतात आणि तिथल्याच उथळ पाण्यात रोहित आणि परदेशी बदकांना खाद्य मिळते. १९८६ मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आज शहराचे नळ, कालवे, कारखाने, मासेमारी, गाळपेर आणि पक्षी हे सगळे एकाच पाण्यावर अवलंबून आहेत.

आता त्यावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प यायचा आहे. अशा विजेमुळे कोळसा कमी जळतो आणि झाकलेल्या पाण्याची वाफ कमी होते. मराठवाड्यात हे दोन्ही फायदे मोठे आहेत. मात्र झाकलेल्या पाण्यात जाळे कुठे टाकायचे आणि पक्ष्यांनी उतरायचे कुठे, हेही प्रश्न तितकेच खरे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाविरुद्धची याचिका फेटाळली. तेव्हा आता आपल्या हातात काय आहे?

आमच्या कामात एक साधा नियम असतो. चालू यंत्रणेत बदल करण्याआधी ती आज कशी चालते, हे लिहून ठेवायचे. नाहीतर पुढे बिघाड झाला, तर तो बदलामुळे झाला की आधीपासूनच होता, हे कळत नाही. पाणी, पक्षी आणि माणसे यांच्या यंत्रणेला तर हा नियम जास्तच लागू पडतो.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. त्या वेळी नववीच्या मुलांना जाणकार पक्षिमित्रांसोबत नाथसागरावर नेऊ या. पक्षी मोजायचे, पाण्याची पातळी लिहायची, मासेमारांना त्यांचा हंगाम विचारायचा. सगळे एकाच वहीत, दरवर्षी, त्याच ठिकाणी. उद्या कुणी म्हणाले ‘पक्षी गेले’ किंवा ‘काहीच बिघडले नाही’, तर आपल्या शाळेकडे दाखवायला आकडे असतील.

बसचा खर्च आपण माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, ही विनंती. जेवणाआधी माझ्याकडे नावे द्या. आणि जीवशास्त्राच्या बाई, पहिल्या बसमध्ये खिडकीची जागा तुमची!