वालाचा डबा आणि हिशेबाची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



असे उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. "लॉकडाऊनमध्ये तुम्ही संसार कसा चालवलात ते सांगा," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मी म्हटले, सगळ्यांनी चालवला तसाच चालवला, त्यात सांगायचे काय? पण घरी जाऊन खिळ्याला अडकवलेली २०२० सालची वही काढली. वाचता वाचता भात करपला. तेव्हा ठरवले, वहीत आहे तेवढे सांगायचे आणि खाली बसायचे.

वहीचे पहिले पान २६ मार्च २०२० चे आहे. त्याआधी आमच्या घरी हिशेब लिहिण्याची पद्धत नव्हती. २२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू झाला, आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. आमची मुलगी दहावीला होती. तिचा भूगोलाचा एकच पेपर उरला होता, तो २३ तारखेला व्हायचा, तो पुढे ढकलला आणि पुढे रद्दच झाला. २४ च्या रात्री सगळा देश बंद झाल्याचे टीव्हीवर ऐकले आणि २५ ला पाडवा. गाठी मिळाल्या नाहीत. मुलाने साखरेचे दाणे दोऱ्यात ओवायचा खटाटोप केला, तो अर्थात जमला नाही. कडुनिंब मात्र भरपूर होता.

आमचे हे धाटावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. दिवसाला ४३० रुपये, २६ दिवस भरले तर ११,१८० हाती यायचे. औषधाशी संबंध असलेल्या काही कंपन्या चालू राहिल्या, यांची बंद झाली. आपल्याकडे रात्री वारा फिरला की कसा वास येतो हे तुम्हांला सांगायला नको. त्या दिवसांत तो येईना. पहिले दोन दिवस मी दारे-खिडक्या उघड्या टाकून निजले, फार बरे वाटले. तिसऱ्या रात्री मनात आले, वास नाही म्हणजे काम नाही आणि काम नाही म्हणजे पगार नाही. मग उठून खिडकी लावून घेतली. वेडेपणाच तो, पण लावली खरी.

कोणाची मजुरी कापू नका, असे सरकारने २९ मार्चला सांगितले होते. ठेकेदाराने मार्चचे भरलेले दिवस दिले आणि एप्रिलचे नाव काढले की त्याचा फोन लागेना.

घरात माणसे पाच. सासूबाई, आम्ही दोघे, दोन मुले. खाण्याचे हाल झाले असे मी म्हणणार नाही. रेशनवर नेहमीचे धान्य होतेच, शिवाय एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत माणशी ५ किलो धान्य फुकट मिळाले, म्हणजे आम्हांला महिन्याला २५ किलो. दुकानापुढे चुन्याची वर्तुळे आखली होती. त्यांत उन्हात उभे राहून पाय भाजले, पण धान्य आले. माझ्या जनधन खात्यात एप्रिल, मे आणि जून असे तीन वेळा ५०० रुपये आले. शेतातले नवे वाल शिमग्याच्या सुमारास घरात आले होते. परसात शेवगा, अळू, कैऱ्या. पण तेल, चहा, साबण, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि मोबाइलचे रिचार्ज परसात पिकत नाही.

म्हणून मी मुलीच्या जुन्या वहीची कोरी पाने शिवून घेतली आणि लिहायला लागले. तेल १ किलो, चहा पावडर पाव किलो, गोळ्यांचे पाकीट. संध्याकाळी मुलगी बेरीज करायची. मी विचारायचे, "आणखी काय देणे आहे?" हे म्हणायचे, "गाडीचा हप्ता, बस." आणि तोंड फिरवून घ्यायचे. घरात बसून माणूस चिडचिडा होतो, असे मला वाटले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एके रात्री हे ओटीवर फोनवर बोलत होते, दबक्या आवाजात. मी पाणी द्यायला गेले तो कानावर पडले, "शेठ, व्याज पण देतो, पण महिनाभर थांबा." भगिनींनो, माझ्या हातातला तांब्या तिथेच राहिला.

झाले होते असे, की आदल्या वर्षी सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन केले, तेव्हा यांनी १५,००० रुपये आणले होते. कंपनीकडून आगाऊ मिळाले, असे आम्हांला सांगितले. खरे म्हणजे ते एका खासगी माणसाकडून महिना शेकडा पाचने घेतलेले होते. महिन्याला ७५० रुपये नुसते व्याज जात होते आणि मुद्दल जिथल्या तिथे. मला कळू नये म्हणून हे ओव्हरटाइमचे पैसे परस्पर भरत होते. लॉकडाऊनमध्ये ओव्हरटाइम कुठला?

मी खूप बोलले. काय बोलले ते इथे सांगत नाही. शेजारच्या भगिनी समोर बसल्या आहेत, त्यांनी ऐकलेच आहे. मी म्हटले, "नवरा-बायकोत अशी लपवाछपवी असते का?" आणि हे म्हणतानाच माझी जीभ अडखळली, कारण स्वयंपाकघराच्या माळ्यावर वालाचा पत्र्याचा डबा होता, त्यात खाली पिशवी आणि पिशवीत माझे ११,४०० रुपये. सहा वर्षांचे साठवलेले. शेवग्याच्या शेंगा विकल्याचे, शिलाईचे, भावाने भाऊबीजेला घातलेले. माझ्या आईने मला सासरी पाठवताना सांगितले होते, बाईच्या गाठीला चार पैसे असावेत आणि ते कोणाला ठाऊक नसावेत. ते पैसे मी मुलीच्या अकरावीसाठी ठेवले होते.

दोन दिवस मी डब्याकडे बघितले नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच मला हाक मारली. त्यांनी भांडण ऐकले होते. म्हणाल्या, "माज्या डोल्यापायी झालं ना हे? माजी पाटली मोड." त्यांच्या हातात ती एकच पाटली. तिच्याकडे बघून मला राहवले नाही. मी माळ्यावरून डबा उतरवला आणि सगळ्यांच्या समोर परातीत ओतला. वाल परातभर पसरले आणि मध्ये पिशवी. मुलगा टाळ्या वाजवायला लागला. हे काही बोलले नाहीत, उठून ओटीवर जाऊन बसले. मला वाटले रागावले. रात्री म्हणाले, "मी तुझ्यापासून कर्ज लपवलं आणि तू माझ्यापासून पैसे. पण आपल्या दोघांत मीच महाग पडलो."

मग वहीचे नवे पान काढले आणि पाचही जण बसलो. ११,४०० तले १०,००० मुद्दलात भरायचे ठरले. उरले ५,०००, त्याचे व्याज ७५० चे २५० झाले. मुलीने तिथल्या तिथे गणित करून दाखवले, की वर्षभरात यांनी ९,००० रुपये नुसत्या व्याजाचे भरले होते आणि माझे पैसे त्याच वर्षी डब्यात वालाखाली नुसते पडून होते. मला ते फार लागले. तुम्हांला सांगते, त्या रात्री नवऱ्याच्या चुकीपेक्षा माझ्याच डब्याचा मला राग आला.

दुसरा प्रश्न मोटरसायकलच्या हप्त्याचा. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला सांगितले, की तीन महिने हप्ता नाही भरला तरी चालेल. रिझर्व्ह बँक म्हटले की आपल्या तालुक्याला जरा जवळचे वाटते, कारण तिचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख आपल्या रोह्याचे. तेव्हा पुष्कळांना वाटले, हप्ता माफ झाला. माफ नव्हता, पुढे ढकलला होता आणि व्याज चालूच होते. आमचे ३०,००० शिल्लक होते, वर्षाला शेकडा सोळा, म्हणजे महिन्याला ४०० चे व्याज. तीन महिन्यांचे बाराशेच्या वर. एप्रिलमध्ये घरात दमडी येत नव्हती म्हणून आम्ही ते तीन महिने घेतले. मेच्या २२ तारखेला आणखी तीन महिन्यांची सवलत जाहीर झाली, तोवर कंपनी अर्ध्या माणसांवर सुरू झाली होती, म्हणून ती घेतली नाही. पोट मारून हप्ता भरला.

आता आगोटीचे सांगते, कारण ज्यांचे माहेर घाटावर आहे त्यांना हे कळायचे नाही. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांचे सगळे मे महिन्यात भरावे लागते. मसाला, मीठ, पांढऱ्या कांद्याच्या माळा, पापड, फेण्या, गोवऱ्या, लाकडे आणि सुके बोंबील, जवळा, सुकट. दर वर्षी रेवदंड्याकडच्या कोळणी सुकी मासळी घेऊन बाजारात बसतात. त्या वर्षी बाजारच नाही. उशिरा एक टेम्पो आला, भाव ऐकून निम्म्या बायका परत गेल्या. आम्ही चौघी शेजारणींनी मिळून एक वाटा घेतला आणि माझ्या ओटीवर तराजू लावून वाटून घेतला. मिरची तीन किलो आणायची ती दीडच आणली. मसाला पुरावा म्हणून सासूबाईंनी बरणीची किल्ली आपल्याकडे ठेवली. बरणीला कुलूप नव्हते, पण किल्ली ठेवली. फेण्या मुलांनी केल्या, वेड्यावाकड्या, तळल्यावर सगळ्या सारख्याच लागल्या.

एवढे जमवले आणि ३ जूनला निसर्ग वादळ आले. तुम्ही सगळ्यांनी ते भोगले आहे. दुपारी आमच्या स्वयंपाकघरावरचे चार पत्रे कागदासारखे गेले. आगोट सगळी माळ्यावर. हे आणि मुलगा वर चढले, मसाल्याची बरणी वाचली. जवळा भिजून लगदा झाला. सुकट दोन दिवस चुलीवर तव्यात भाजत बसले, अर्धी हाती लागली. आणि वालाचा डबा पाण्याने भरला. पैसे आधीच बाहेर काढले होते म्हणून बरे! भिजलेल्या वालांना तिसऱ्या दिवशी मोड आले. टाकायचे कसे? आमच्या आळीत आठ दिवस घरोघर बिरडे होते. सोलायला पंधरा हात. वीज बारा दिवस नव्हती, फोन बंद, करोनाच्या बातम्या बंद. खोटे कशाला बोलू, ते आठ दिवस मला त्या वर्षातले सर्वांत मोकळे वाटले.

पत्र्यांना दाम मोजून डब्यातले उरलेले १,४०० संपले आणि वर उसने झाले. २९ जुलैला दहावीचा निकाल लागला. मुलीला ८१ टक्के. आणि अकरावी फोनवर! घरात बटणांचा एक फोन. मुलाला निदान दूरदर्शनवर 'टिलीमिली' लागायचे, अकरावीला तसे काही नव्हते. नात्यातल्या एकाने सुचवले, वर्षभर थांबवा तिला. मुलगी ऐकून घेत होती आणि वहीत बेरीज करीत होती. तिने मान वर केली नाही. ते मला बघवेना.

मी आपल्या बचत गटाकडे आले. तेव्हा सभा होत नव्हत्या, पण अध्यक्षीणबाईंनी तोंडाला पदर बांधून घरोघर जाऊन सह्या घेतल्या आणि शेकडा दोनने ६,००० दिले. उरलेले दीड हजार यांनी घातले. त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला. पेणची मूर्ती दर वर्षीपेक्षा वीतभर लहान आणली आणि पाच दिवसांचा गणपती दीड दिवसाचा केला. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांचे मला वाईट वाटते, अजूनही. गटाचे पैसे मी मास्क शिवून फेडले, एका मास्कला ५ रुपये शिलाई, मार्च २०२१ ला शेवटचा हप्ता. त्या खासगी माणसाचे ५,००० दिवाळीत दिले आणि चिठ्ठी फाडून घेतली.

परवा एका भगिनीने मला विचारले, म्हणजे सगळ्यांनी नवऱ्याला डबा दाखवावा असे तुमचे म्हणणे का? तसे माझे म्हणणे नाही. ज्या घरात पैसा दिसला की गुत्त्यात जातो, त्या घरातल्या बाईने डबा आणखी खोल पुरावा. माझे घर तसे नव्हते आणि तरीही मी सहा वर्षे लपवले, एवढेच मी माझ्यापुरते सांगते. आताही मी बाजूला टाकते, पण डब्यात नाही, पोस्टात. आणि किती ते वहीत लिहिलेले असते.

मुलगी बी.कॉम. झाली, रोह्याला एका ऑफिसात हिशेब लिहिते. वही आता हे लिहितात. गेल्या महिन्यात तंबाखूचे ४० रुपये "इतर" म्हणून घातले होते, ते मी खोडून तंबाखू लिहिले.

आतून चहा झाल्याची खूण करताहेत.