हृदयाची लय आणि तिची औषधे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



छातीत धडधडते म्हणून माझ्या मावशींनी शेजारणीकडून प्रोप्रॅनोलॉलची गोळी मागून घेतली. मावशींना जुना दमा. त्या रात्री त्यांचा श्वास असा कोंडला की तो मोकळा होईतो पहाट उजाडली. शेजारणीला तीच गोळी गुणकारी ठरली होती. असे का व्हावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातून विद्युत्‌प्रेरणा निघते, मधल्या एका गाठीपाशी क्षणभर थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत पसरते. पेशींच्या आवरणातील सूक्ष्म दारांतून क्षारांची ये-जा होते, म्हणूनच हे घडते. ऑक्सफर्डच्या वॉन विल्यम्स यांनी १९७० साली या औषधांचे जे वर्ग पाडले, ते बव्हंशी या दारांवरूनच.

पहिला वर्ग सोडियमचे दार अडवून प्रेरणेचा वेग कमी करितो. यातले क्विनिडीन सिंकोनाच्या सालीतले, म्हणजे आपल्या कोयनेलचे सख्खे भावंड! दुसरा वर्ग मावशींच्या गोळीचा. तो अ‍ॅड्रेनलिनचा चाबूक हृदयावर पडू देत नाही. परंतु श्वासनलिका सैल ठेवणारे कार्यही त्याच द्रव्याचे असल्याने दमेकऱ्याची वाट तेथे बंद होते. तिसऱ्यातील अमियोडेरोन पोटॅशियमची वाट रोखून पेशीची विश्रांती लांबविते, तर चौथ्यातील व्हेरापॅमिल कॅल्शियम अडवून मधल्या गाठीतील वाहतूक मंदावते. डिजिटॅलिस मात्र या चौकटीत बसत नाही.

लय सुधारणारे औषध लय बिघडवूही शकते, हे वैद्यकाला फार महागात शिकावे लागले. अमेरिकेतील एका चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना पहिल्या वर्गातील एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे दिली. चुकार ठोके थांबले आणि सर्वांना समाधान वाटले. परंतु १९९१ च्या अहवालानुसार औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण दगावले, तर नुसती औषधविरहित गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. व्रणित स्नायूत प्रेरणा मंदावली की ती व्रणाभोवतीच घिरट्या घालू लागते, हे त्यामागचे एक कारण मानतात. फ्लेकेनाइड आजही देतात, पण हृदयाचा स्नायू निकोप असल्याची खात्री करूनच.

मावशींची पुढे रीतसर तपासणी झाली. हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. धडधड होती ती रक्तक्षयाची. लोहाच्या गोळ्यांनी ती तीन महिन्यांत थांबली.