राग बदलतो, चाल बदलते



कुरुंदवाडात गाण्याविषयी बोलायचं म्हणजे नरसोबाच्या वाडीच्या पुजाऱ्याला पालखीचा मार्ग सांगण्यासारखं आहे. तरी तुम्ही मला इथे अध्यक्ष केलंत, तेव्हा थोडं सोसा.

१८७२ साली याच गावात एका कीर्तनकाराच्या घरी विष्णू दिगंबर पलुसकर जन्मले. दत्तजयंतीला फटाक्याने डोळे अधू झाले आणि पुढे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. ही कथा इथल्या पोरासोरांना पाठ आहे. मला बोलायचंय ते त्यांच्या काफीतल्या ‘वंदे मातरम्’विषयी.

आधी जरा लांब जाऊ. हायडन या संगीतकाराने १७९७ साली ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या सम्राटासाठी एक गीत बांधलं. तीच चाल त्याने चार तंतुवाद्यांसाठीच्या आपल्या एका रचनेत खुलवली. १८४१ मध्ये एका जर्मन कवीने त्या चालीवर नवे शब्द लिहिले आणि १९२२ साली ते जर्मन प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत झालं. सम्राट गेला, शब्द गेले, चाल राहिली. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. ‘वंदे मातरम्’साठी बंकिमचंद्रांनी मल्हार सुचवला होता, आकाशवाणीवर देस रुळला, पलुसकरांनी काफी घेतला, मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी झिंझोटी. शब्द तेच, चाली मात्र बदलत गेल्या.

कारण राग म्हणजे चाल नव्हे. एका रागात शंभर चाली मावतात, आणि गवयाला तर कालचीच बंदिश आज तशीच गायला लाज वाटते! राष्ट्रगीताला हे परवडत नाही. ते बँडवर वाजलं पाहिजे, परदेशी वादकांना कागदावरून वाचता आलं पाहिजे. ‘वंदे मातरम्’ बँडवर बसत नाही, या आक्षेपाला उत्तर म्हणून मास्टर कृष्णरावांनी दिल्लीला जाऊन आपली चाल ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय झाला तो ‘जन गण मन’चा; ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. शब्दांविषयीचे आक्षेप होतेच, सगळं खापर चालीवर फोडू नये.

पण पलुसकरबुवांनी हा पेच फार आधी ओळखला होता, असं माझं मत आहे. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपीची पुस्तकं छापली, मुलांना रांगेत बसवून एका सुरात गायला लावलं. खानदानी गवयांनी नाकं मुरडली असतील. मला मात्र त्यात वाडीच्या पालखीपुढची पदं ऐकू येतात: शेकडो गळे, एक चाल, कुणाची तान नाही. काँग्रेसच्या अधिवेशनांत त्यांनी काफी गायला तो याच बळावर. १९२३ मध्ये काकीनाड्याला अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली, तरी बुवांनी गीत पुरं केलं. आक्षेपाला धार्मिक बाजू होती, ती हसण्यावारी नेऊ नये. पण सूर अर्ध्यावर सोडणं त्या माणसाला जमणारं नव्हतं. पुढे ‘रघुपती राघव’ची त्यांची चाल दांडीयात्रेत पोचली, त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांच्या गळ्यातून.

‘वंदे मातरम्’चा हा कोमल गंधाराचा काफी आज या गावातल्या किती मुलांच्या गळ्यात आहे? इथल्या शिक्षकांना माझी एकच विनंती. या वर्षी प्रार्थनेच्या वेळी ती चाल मुलांकडून बसवून घ्या, पेटी नसली तरी चालेल.