मुलाला कोणत्या बालवाडीत घालावे?
(पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उन्हाळा लागला की यवतमाळपासून पुसद, दिग्रस, उमरखेड, वणीपर्यंत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. तीन वर्षांच्या मुलाला कोठे घालावे? शेजारचे मूल वह्या भरून आणते, पाहुण्यांसमोर इंग्रजी गाणे म्हणून दाखविते. आपले मूल मागे पडेल, ही भीती मनात घर करते. या भीतीपोटी मिळकतीचा मोठा वाटा फीमध्ये जातो. आणि पुष्कळदा ही फी मुलासाठी निघते, मुलीसाठी मात्र निघत नाही. म्हणून आज मी या एकाच प्रश्नावर बोलणार आहे.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी गुजरातेतील एका पालकाला पडला होता. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मादाम माँटेसोरींच्या पद्धतीपर्यंत पोचले. त्यांनी वकिली सोडली आणि 1920 मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तेथे भीती नव्हती, मार नव्हता. मूल आपल्या आवडीचे काम निवडी, पुन्हा पुन्हा करी आणि त्यातून शिके. शिक्षकाचे काम साहित्य मांडून ठेवणे, लक्ष ठेवणे आणि लागेल तेवढीच मदत करणे.

काही वर्षे आपल्या शेजारच्या अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक 1923 मध्ये या कार्यात सामील झाल्या. पुढे 1945 मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले व नंतर ते कोसबाडला नेले. वारली वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीचे बीज त्यात आहे. महागडे साहित्य त्यांच्याजवळ नव्हते. पाने, बिया, खडे, शंख-शिंपले यांवर काम चाले.

हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणू नये. खुद्द माँटेसोरींचे पहिले बालगृह 1907 मध्ये रोम शहरातील मजूर वस्तीत निघाले होते. दिल्लीच्या जामिया मिल्लियातही हा विचार लवकर पोचला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या परिचयातून जर्मनीच्या गेर्डा फिलिप्सबॉर्न 1933 मध्ये तेथे आल्या आणि लहान मुलांच्या वर्गात रमल्या. मुले त्यांना आपाजान म्हणत. 1943 मध्ये त्यांचे निधन झाले. जामियातील बालसंगोपन केंद्राला आजही त्यांचे नाव आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांची रीतही आठवा. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याची बिस्मिल्ला होई आणि मग अक्षराला सुरुवात. त्याआधी मूल खेळे, ऐके, बोले, आईच्या हाताखाली लुडबुड करी. आज आपण तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल देतो, आणि अक्षर वळले नाही म्हणून रागावतो.

तेव्हा शाळा निवडताना भिंतीवरची चित्रे आणि गणवेश पाहू नका. परवानगी घेऊन तासभर वर्गात बसा. मुले हातांनी काही करीत आहेत, की नुसती हाताची घडी घालून बसली आहेत? मूल स्वतः काम निवडते काय? एखादे मूल रडले तर बाई काय करतात? मुले बोलतात किती आणि बाई बोलतात किती? वस्तू घेतलेल्या जागी परत ठेवण्याची सवय आहे काय? हे शेवटचे महत्त्वाचे आहे, कारण मोकळीक म्हणजे धिंगाणा नव्हे. पाणी, स्वच्छता आणि मुलींची सुरक्षितता या गोष्टी तर आधी पाहाव्यात.

भाषेचाही विचार करा. घरी आपण उर्दू बोलतो, गल्लीत मराठी कानांवर पडते. मुलाचे बोलणे बाईंना कळले पाहिजे. ज्या वर्गात मूल पाणी मागायलाही बिचकते, तेथे ते दुसरे काय शिकणार? इंग्रजी पुढे येईल; आधी तोंड उघडू द्या.

"पण मग पहिलीत प्रवेश कसा मिळेल?" असे आपण विचाराल. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेता येत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत मानून खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे.

आणि जवळपास अशी बालवाडी नसेल तर? मोहल्ल्यातील अंगणवाडीत जा, ताईंशी बोला. दहा माता मिळून चिंचोके, सरकी, तुरीचे दाणे, चिंध्यांच्या बाहुल्या, रिकाम्या डब्या सहज जमवू शकतात. हे साहित्य प्रत्येक घरात आहे. मात्र बारीक दाणे हाताळताना मोठ्यांचे लक्ष असावे.

विद्यार्थिनींनो, तुमच्यासाठीही एक शब्द. अनुताई वाघ बालपणीच विधवा झाल्या, तरी शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ताराबाईंबरोबर आदिवासी मुलांसाठी आयुष्यभर राबल्या. 1985 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बालवाडीची शिक्षिका होणे हे कमी प्रतीचे काम नव्हे. आपल्या समाजाला अशा शिक्षिकांची गरज आहे.

पालकांनो, मूल घरी आले की "आज काय लिहिले?" असे न विचारता "आज काय केलेस?" असे विचारा. ते उत्साहाने सांगू लागले तर शाळा योग्य आहे असे समजा. आणि मुलासाठी जी शाळा निवडाल, तीच मुलीसाठीही निवडा.